गोदाकाकूंच्या ताब्यात

मोजता येईल तेवढेच लिहावे, अशी माझ्या विषयाची शिस्त आहे. म्हणून गोदाकाकूंविषयी लिहिताना मी त्यांच्या आंघोळींपासून सुरुवात करते. साहेबांची कुत्री त्यांच्या घरी आली त्या पहिल्या आठवड्यात त्या दिवसाला सहा-सात वेळा डोक्यावरून पाणी घेत. महिन्याभराने हा आकडा चारवर आला, दिवाळीच्या सुमारास दोनवर, आणि संक्रांत उलटल्यावर त्या चारचौघींसारख्या सकाळी एकदाच आंघोळ करू लागल्या. आमच्या आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत होती, आणि त्यांच्या न्हाणीचे पाणी आमच्या दारासमोरच्या नालीतून वाहत असे. ही मोजदाद करायला मला खिडकीजवळून उठावेही लागले नाही.

सिद्धेश्वरच्या धरणावरची ती कर्मचाऱ्यांची वसाहत. क्वार्टरांच्या दोन रांगा, मध्ये मुरमाचा रस्ता, चहूबाजूंनी काटेरी तार आणि एक फाटक. फाटकाबाहेर बाभळी, मागे धरणाची लांबच लांब मातीची भिंत. माझे वडील पाण्याची पातळी वाचून नोंदवण्याच्या कामावर होते. क्वार्टर वाटताना खाते जात विचारत नाही, अनुक्रमांक पाहते. त्यामुळे औंढ्याला नागनाथाच्या गल्लीत, पूजेअर्चेच्या घरात जन्मलेल्या गोदाकाकू आणि आम्ही बौद्ध, असे भिंतीला भिंत लावून राहत होतो. दुष्काळ नुकता सरला होता. मी औरंगाबादहून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन परतले होते. पुढच्या शिक्षणासाठी केलेल्या अर्जाला उत्तर येत नव्हते, आणि उत्तर येईपर्यंत तारेच्या आत बसून राहण्यापलीकडे मला काही काम नव्हते. मी निरीक्षण करू लागले.

काकू तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे असतील. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, नऊवारी नेसणाऱ्या. चालताना टाच अशी आपटत की त्या कोणत्या खोलीत आहेत हे भिंतीपलीकडून कळे. मूलबाळ नव्हते. रिकाम्या हाताने बसणे त्यांना जमत नसे; बोलता बोलता वाती वळत, कापूस नसला तर पदराचे टोक वळत. त्यांचे एक ठरलेले उत्तर होते: "बराबर आहे." कोणी काहीही सांगितले तरी त्या हेच म्हणत. सुरुवातीला मी याला संमती समजले. पुरेसे नमुने गोळा झाल्यावर ध्यानात आले की त्या शब्दांचा संमतीशी काही संबंध नाही. वाद तिथेच थांबावा आणि आपल्याला आपल्या कामाला लागता यावे, एवढ्यासाठी त्या ते वापरीत.

त्यांचे यजमान पाठककाका कार्यालयात हेडक्लार्क होते. सज्जन, कृश, आणि कागदाशिवाय पाऊल न टाकणारे. असा माणूस आयुष्यात एकदाच तोंडी हुकमावर चालला आणि त्यातून पुढचे सगळे घडले.

धरणाच्या मोठ्या साहेबांनी पुण्याहून एक कुत्री आणली होती. जिप्सी तिचे नाव. जातीने स्प्रिंगर स्पॅनियल: पांढऱ्या अंगावर काथ्या रंगाचे मोठाले ठिपके, जबड्याखाली लोंबणारे रेशमी कान, अर्धी कापलेली शेपटी. हिवाळ्यात जलाशयावर बदके उतरत, साहेब बंदूक घेऊन जात, आणि पाण्यात पडलेले बदक उचलून आणणे हे जिप्सीचे काम असे. पुढे साहेबांची मुंबईला बदली झाली. निघताना जीपमध्ये एक पाय ठेवून ते पाठककाकांना म्हणाले, हिला जरा बघा, मी कळवतो. जीप गेली. काका साखळी हातात धरून घरी आले आणि काकूंना म्हणाले, साहेबांनी हिचा चार्ज आपल्याकडे दिला आहे. साखळी काकूंच्या हातात देऊन ते कार्यालयात निघून गेले.

चार्ज हा शब्द काकांसाठी साधा नव्हता. ज्या वस्तूचा चार्ज आपल्याकडे आहे ती जशी घेतली तशी परत करता आली पाहिजे. म्हणून दर तीन महिन्यांनी ते साहेबांना जिप्सीच्या प्रकृतीचा अहवाल पाठवीत, जावक क्रमांक घालून, कार्बनप्रत जपून. सिमेंटची पोती तोलायच्या काट्यावर तिला उभी करून वजन घेतले जाई. मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे हे कळल्यावर दात, नाक, डोळे, कान या रकान्यांत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. साहेबांचे उत्तर एकदाही आले नाही. काका म्हणत, साहेबांना काही कमी-जास्त वाटले असते तर त्यांनी लिहिलेच असते. गप्प आहेत, म्हणजे समाधानी आहेत.

स्पॅनियल पाळणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाळले नाही त्यांना सांगणे अवघड आहे. ती पहाटे उठे ती थेट पळतच. दोन खोल्यांच्या त्या घरात पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत तिच्या फेऱ्या चालत, आणि वळणावर पाट, तांब्या, समई, जे मध्ये येईल ते आडवे होई. पाणी प्यायली की दोन्ही कान भांड्यात बुडत. मग ती देवघरासमोर उभी राहून अंग झटकी. कुरडया वाळत घातल्या की त्यांवर पावलांची रांग उठे. कानात गोखरू, पोटाखाली गोचीड, दाराला नखांचे ओरखडे. बांधून ठेवली तर साखळीला गळा लावून ती अशी ओढत राही की आवाज घोगरा होई, आणि घरातले माणूस दृष्टीआड झाले की रडणे सुरू. एकटे राहणे तिच्या घडणीतच नव्हते. काका दहा ते साडेपाच कार्यालयात असत. म्हणजे तिचे माणूस काकू.

उचलून आणणे हा तिचा धर्म होता. साहेबांची बंदूक गेल्यावर बदके राहिली नव्हती, म्हणून ती वसाहतीतून वस्तू आणी: कोणाची चप्पल, कोणाचे धुणे, एकदा अख्खे अंडे, तडाही न जाता. आणून काकूंच्या पायाशी ठेवी आणि मान वर करून बघत राही. एका सकाळी काकू पूजेला बसलेल्या असताना तिने जलाशयाकाठची एक पाणकोंबडी आणली आणि ताम्हनाशेजारी ठेवली. काकूंनी किंकाळी फोडली नाही. त्या डोळे मिटून बसल्या. आपल्या देवघरात हत्या झाली असे त्यांना वाटले. थोड्या वेळाने डोळे उघडले तर पाणकोंबडी उठून उभी राहिली, पंख झटकले, फुलांच्या परडीत पाय देऊन दाराबाहेर चालती झाली. पक्षी न दुखावता आणण्यासाठीच या जातीचा जबडा घडवलेला असतो, असे मी त्यांना समजावून सांगितले. काकू म्हणाल्या, "मी तर तिला मेली म्हणून सोडून दिलं होतं." मग बराच वेळ वात वळत राहिल्या.

आंघोळी कमी होण्याचे श्रेय मात्र माझ्या मायचे. जिप्सी दिवसातून दोनदा कुंपणावरून उडी मारून आमच्या घरी येई, चुलीपाशी बसून भाकरी खाई आणि तशीच परत काकूंच्या स्वयंपाकघरात जाई. काकू तिला शिवत आणि आंघोळीला जात. एक दिवस माय दारातून म्हणाली, "काकू, आमच्या घरची भाकर खाऊन ती रोज तुमच्या देवापुढं लोळून राहिली. तुमी एकल्याच काहून धुता? देवालाबी धुवा की."

मी आतल्या आत आक्रसले. काकूंनी तांब्या खाली ठेवला आणि हसू आवरेना तेव्हा पदर तोंडाला लावला. त्या दिवशी त्यांनी आंघोळ केली नाही. पुढच्या महिन्यात केव्हातरी त्या जिप्सीला हाक मारायला आमच्याकडे आल्या, मायने विचारले नसताना पाटावर बसल्या आणि चहा करतेस का गं, म्हणाल्या. पाठककाकांना हे कधी कळले नाही, किंवा त्यांनी कळून घेतले नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी जाणारी नव्हती. काकूंची आई औंढ्याला होती. वसाहतीतून औंढा म्हणजे खात्याच्या ट्रकने तासाभराची वाट. दर शिवरात्रीला दोन दिवस माहेरी जायचे, एवढीच काकूंची वर्षातली सुटी. जिप्सी आल्यावर ती बंद झाली. काकांचे म्हणणे साधे होते: घर आणि चार्ज सोडून कसे जाणार, आणि तुझ्या माहेरी कुत्र्याला उंबऱ्याआत कोण घेईल? त्यांच्या दृष्टीने दोन्ही मुद्दे बिनतोड होते. तिकडे आईचे डोळे गेले होते. "आता ती हात लावून ओळखते," काकू मला म्हणाल्या होत्या. "कोणी सांगितलं की गोदा आली, तर तिचा विश्वास बसत नाही. हात लावू दे म्हणते."

पहिल्या शिवरात्रीला काकूंनी प्रयत्न करून पाहिला. जिप्सीला आमच्याकडे ठेवले, मी तिला आतल्या खोलीत कोंडले, आणि त्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसल्या. ट्रक फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला तशी जिप्सीने खिडकीच्या जाळीवर झेप घेतली. दुसऱ्या झेपेला जाळी निखळली. मी धावले, पण स्पॅनियलमागे धावून काही उपयोग नसतो. ड्रायव्हरने नंतर सांगितले की तीन मैलांवर त्याला आरशात एक पांढरा ठिपका दिसला. त्याने गाडी थांबवली. जिप्सी पोचली तेव्हा तिच्या पायांतून रक्त येत होते आणि ती शेपटी हलवत होती. काकू खाली उतरल्या, पिशवी घेतली, ड्रायव्हरला तुम्ही जा म्हणाल्या, आणि तिला घेऊन चालत परत आल्या. त्या दिवसानंतर काकांनी स्पष्ट सांगून टाकले की साहेबांच्या कुत्रीला काही झाले असते तर आपण काय तोंड दाखवणार होतो. आता पुन्हा हा विषय नको.

"बराबर आहे," काकू म्हणाल्या.

त्यानंतरच्या अहवालात मी पहिल्यांदा रकान्याबाहेर लिहिले. ही जात दिवसभर रान तुडवण्यासाठी पैदास केलेली आहे. तिला सकाळ-संध्याकाळ काही मैल चालवले नाही तर तिची प्रकृती बिघडेल. कॉलेजच्या ग्रंथालयात वाचलेले होते, खोटे नव्हते. काकांनी ते दोनदा वाचले. प्रकृती बिघडणे हे शब्द त्यांना लागले. पहारेकऱ्याला सांगून पाहिले. पहिल्याच दिवशी तो साखळीसकट कालव्यात पडला आणि पुन्हा आला नाही. काकांना स्वतःला हर्निया होता. उरल्या काकू. हेडक्लार्कच्या बायकोने रस्त्यावरून कुत्रे फिरवणे बरे दिसत नव्हते, तेव्हा काकांनी मार्ग काढला: धरणाच्या भिंतीवर जावे. तिथे बाहेरच्या माणसाला मनाई आहे, म्हणजे कोणी पाहणार नाही.

अशा रीतीने तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा काकू घरकाम आणि माहेर यांखेरीज घराबाहेर पडल्या. सुरुवातीला मला सोबतीला नेत. कासोटा घट्ट खोचलेला, साखळीचे दोन वेढे मनगटाला, पुढे जिप्सी ओढते आहे आणि मागे काकू टाचा रोवून चालल्या आहेत. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खोल खाली शेते. पहिल्या दिवशी त्या दुसऱ्या खुणेच्या दगडावरून परतल्या. महिन्याभरात भिंतीच्या त्या टोकाला जाऊ लागल्या. टोकाला पोचल्यावर त्या थांबत. पदर सोडून वारा घेत. त्यांच्या मनगटावर साखळीचा वळ उठे, आणि घरी गेल्यावर त्यावर त्या हळद लावीत.

तिला मोकळे सोडा, असे मीच सुचवले. काकू दचकल्या. पळून गेली तर? मी त्यांना सांगितले की ही जात पळून जात नाही. शिकाऱ्याच्या बंदुकीच्या टप्प्यात राहून ती पुढे नागमोडी पळते, चाळीस-पन्नास पावलांवर गेली की थांबते, मागे वळून आपले माणूस आहे ना हे बघते, आणि मगच पुढे जाते. हे शिकवावे लागत नाही, पिढ्यान्‌पिढ्या अशीच पिले निवडली गेली आहेत. काकूंनी वाकून साखळी सोडली. जिप्सी बाणासारखी सुटली. चाळीस पावलांवर थांबली. वळून पाहिले.

काकू तिच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे साखळी काढली तरी ती आहेच की गं."

माझ्या वहीत त्या दिवशीच्या तारखेपुढे फक्त पावलांचा आकडा आहे.

दुसऱ्या वर्षी, शिवरात्र हातची गेल्यावर, साहेब तपासणीला येणार असल्याचे कळले. आता ते आणखी वरच्या हुद्द्यावर होते. पाठककाकांनी आठ दिवस आधीपासून जिप्सीची तयारी चालवली. शिकेकाईने आंघोळ, नखे कापणे, काकूंच्या फणीने कान विंचरणे. सगळ्या अहवालांच्या प्रती एका फायलीत लावल्या. आज चार्ज परत करायचा, असे त्यांनी धरलेच होते. त्या सकाळी काकू भिंतीवर दुप्पट वेळ राहिल्या आणि परत आल्यावर जेवल्या नाहीत.

साहेब जीपमधून उतरले. काका साखळी धरून पुढे झाले. साहेबांनी विचारले, हे कुत्रं कोणाचं? आपलंच सर, जिप्सी, असे काका म्हणाले. साहेब क्षणभर आठवत राहिले, मग मोठ्याने हसले. अजून आहे का ही? मी समजत होतो गेली असेल. काकांनी फाईल पुढे केली. साहेब म्हणाले, हो हो, मुंबईला कसले कसले कागद यायचे. अहो पाठक, मुंबईत कुठे ठेवू हिला. द्या कोणाला तरी. एवढे बोलून ते धरणाच्या दरवाजांची तपासणी करायला गेले. जिप्सीने त्यांचा बूट हुंगला होता, आणि मान फिरवून आमच्या रांगेकडे बघत उभी होती.

काका त्या दिवशी वेळेआधी घरी आले. माणूस एवढा लहान झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. त्यांचा राग साहेबांवर निघणे शक्य नव्हते, तो जिप्सीवर निघाला. आठवड्याच्या आत त्यांनी कुरुंद्याचा एक शेतकरी गाठला. तो शनिवारी बैलगाडी घेऊन दारात आला. अंगाला हळदीचा वास, हातात नवी दोरी. "बाई, हळदीच्या वावरात रानडुकरं लई तकलीफ देऊन राहिली," तो काकूंना सांगत होता. "असं पळणारंच जनावर पाहिजे व्हतं. आमी जीव लावू, तुमी घोर करू नका." तो चांगला माणूस होता, आणि जिप्सीला तिथे पळायला रान होते. शास्त्रीय दृष्टीने पाहिले तर निर्णय योग्य होता. मी कुंपणापाशी उभी राहून तसाच विचार करीत होते.

काकू दारात आल्या. मागे त्यांच्या पायाला चिकटून जिप्सी.

काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "साहेबांनी सांगितलंय, देऊन टाका. तुलाही मोकळीक झाली. उद्याच्या ट्रकनं औंढ्याला जा, आठ दिवस राहा."

"बराबर आहे. साहेबांचा कागद दाखवा."

"कागद कसला? सगळ्यांसमोर तोंडी सांगितलं त्यांनी."

"तोंडी हुकमावर तुम्ही स्टोअरमधून कधी एक खिळा तरी बाहेर दिलात का?"

काकांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

"चार्ज तुमच्याकडे दिला, तुम्ही माझ्याकडे दिला," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दोन वर्षं माझ्या ताब्यात आहे. कागद आणा, मी सही करून देते."

शेतकऱ्याने आळीपाळीने दोघांकडे पाहिले, दोरी गुंडाळली आणि कागदाचा मामला आमच्या हाताबाहेरचा आहे म्हणत बैल वळवले. काका आत जाऊन टेबलाशी बसले. खरोखर लिहायला बसले, कारण काकूंचा मुद्दा नियमाला धरून होता आणि नियमापुढे त्यांना बायको, साहेब, अपमान, काहीही मोठे नव्हते. सदर कुत्रीची विल्हेवाट लावण्याबाबत लेखी आदेश मिळावेत, अशी विनंती त्यांनी केली. साहेब कागदांना उत्तर देत नसत, हे काकूंना दोन वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. महिन्याने स्मरणपत्र गेले. मग दुसरे. प्रकरण प्रलंबित राहिले, आणि निर्णय होईपर्यंत जिप्सीची प्रकृती उत्तम राखणे काकांना भाग पडले.

मला काकूंचा राग आला होता. आईला भेटायची वाट उघडली असताना त्यांनी स्वतःच ती लावून घेतली, असे मला दिसत होते. भिंतीवर मी त्यांना तसे विचारलेही. त्या चालत राहिल्या. पुढच्या खुणेच्या दगडापाशी म्हणाल्या, "आठ दिवस आईपाशी राहीन गं, सुजाता. नवव्या दिवशी परत येईन. मग सकाळी उठून मी कुठं जाऊ?"

पुढे जिप्सी थांबली होती आणि वळून बघत होती.

त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस माझे पत्र आले. औरंगाबादला जागा मिळाली होती. काकूंना सांगायला गेले तेव्हा त्या जिप्सीच्या कानातले गोखरू काढीत होत्या. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली, कधी निघणार विचारले, ट्रकने औंढ्यापर्यंत आणि तिथून एसटीने जाणार हे ऐकून घेतले. मग जिप्सीचा डावा कान उलटा करून माझ्यापुढे धरला.

"तू शिकलेली आहेस. यात काही तरी निघेलच ना?"

मी पाहिले. किंचित लाली होती. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना पावसाळ्यात तेवढी असतेच; कोमट तेलाच्या दोन थेंबांचे काम. मी काकूंकडे पाहिले. गुरांचा दवाखाना औंढ्याला होता.

अहवालाचे दिवस आलेच होते. कानाच्या रकान्यात मी लिहिले: तीव्र संसर्ग, पशुवैद्याकडून तातडीने तपासणी आवश्यक, विलंब झाल्यास बहिरेपणाचा धोका. माझ्या हातून झालेली ती पहिली खोटी नोंद. आज मी प्रयोगशाळेत काम करते, रोज डझनभर नोंदी करते, आणि एकही आकडा मनाने लिहीत नाही. त्या नोंदीचा मला पश्चात्ताप होईल असे वाटले होते. अजून झालेला नाही.

काकांनी अहवाल वाचला आणि ट्रकच्या परवानगीचा कागद स्वतः तयार केला.

माझी ट्रंक, काकूंची पिशवी आणि जिप्सी, असे आम्ही शनिवारी सकाळी निघालो. काकू नवे लुगडे नेसल्या होत्या. जिप्सी त्यांच्या मांडीवर उभी राहून खिडकीबाहेर तोंड काढून होती आणि तिचे कान वाऱ्यावर मागे उडत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी कान पाहिला, काही विशेष नाही म्हणाले, थेंब दिले. ट्रक परत निघायला दोन तास होते, माझी गाडीही तेवढ्याच वेळाने. मी काकूंची पिशवी घेऊन त्यांच्यासोबत नागनाथाच्या गल्लीपर्यंत गेले. त्यांच्या घरासमोर पेढ्यांचे दुकान होते. मी दुकानाच्या पायरीशी थांबले. पुढे मला कोणी बोलावले नाही आणि मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती.

काकूंनी जिप्सीला कोपऱ्यावरच्या खांबाला बांधले आणि दाराकडे वळल्या. त्या पाचव्या पावलाला पोचायच्या आत जिप्सी साखळीवर लटकली. तिचा घोगरा आवाज गल्लीभर झाला; देवळाकडे जाणारी माणसे थांबून पाहू लागली. काकू परत फिरल्या, तिला सोडवले. घरातून त्यांचे भाऊ बाहेर आले, सोवळ्यात होते. त्यांनी आदराने विचारपूस केली आणि तेवढ्याच आदराने सांगितले की ताई, नैवेद्याची वेळ आहे, हिला घेऊन आत नको. तूही हिच्यासोबत आलीस, आंघोळ करावी लागेल. आईला मी दारापाशी आणून बसवतो, पण शिवू नकोस.

काकू ओट्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. जिप्सी त्यांच्या पायाशी. म्हातारीला धरून आणून उंबऱ्याच्या आत पाटावर बसवण्यात आले. वाळलेल्या वेलीसारखी बाई, डोळे उघडे पण कुठेच न लागलेले. भाऊ नैवेद्य घेऊन आतल्या बाजूने देवळाकडे गेले.

"आई, मी गोदा," काकू म्हणाल्या.

म्हातारीने मान हलवली. सगळे तेच म्हणतात, असा तो हलवण्याचा अर्थ होता. तिने उंबऱ्यावरून हात पुढे केला आणि बोटे पसरून हवेत तसाच धरून ठेवला. काकूंचा हात उचलला गेला आणि मांडीवर परत आला. दोघींमध्ये दोन हातांचे अंतर असेल.

मग जिप्सी उठली. साखळी पुरेल तिथवर पायऱ्या चढली आणि मान लांब करून तिने डोके त्या पसरलेल्या हाताखाली घातले. म्हातारीची बोटे तिच्या कानावर पडली, थांबली, आणि त्या लांब रेशमी केसांतून वरून खाली सावकाश फिरू लागली.

"गोदे," म्हातारी म्हणाली, "केस मोकळे सोडून आलीस व्हय गं? किती मऊ झालेत."

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी वळताना पाहिले ते एवढेच, की काकूंनी मनगटावरचा एक वेढा उलगडला आणि साखळी आणखी वीतभर सैल सोडली.